उंबरा कुणी नेला

भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत मिळून कलेच्या बातम्या देणारा माणूस एकच होता, आणि तो मी. हा मोठेपणा नाही. दुसरं कुणी त्या कामाला तयारच नव्हतं. मी वर्तमानपत्रात शिरलो तेव्हा राजकारण एका ज्येष्ठ गृहस्थांनी धरून ठेवलेलं, ते शेवटपर्यंत सोडलं नाही. गुन्हे दुसऱ्याकडे होते. पण आमच्याकडचा गुन्हा म्हणजे म्हैस चोरीला जाणं, आणि बातमी छापून येईपर्यंत म्हैस आपल्या पायांनी गोठ्यात आलेली असायची. उरलं काय, तर कला आणि संस्कृती. संपादक म्हणाले, "तू कविता करतोस ना? मग ते तुझंच." जणू दाढी करता येते म्हणून गावाचे केस कापायचं काम माझ्याकडे दिलं.

पण मी ते काम असं केलं की विचारू नका. जत्रेतले तमाशे, हरिनाम सप्ताहातली भजनं, गणपतीची आरास, शाळांची स्नेहसंमेलनं, यांवर मी अशी परीक्षणं लिहिली की लोक पेपर वाचायचा सोडून आधी माझ्या घराचा पत्ता विचारायचे. कामथडीच्या भजन स्पर्धेबद्दल एकदा लिहिलं, 'पखवाजाची थाप किंचित घाईत होती.' दुसऱ्या सकाळी पखवाजवाले बुवा पखवाजासकट दारात. "आता सांगा, कुठं घाई व्हती ते," म्हणाले आणि ओट्यावर बसून सुरू झाले. असं वाजवलं, असं वाजवलं, की शेजारच्यांची कौलं सरकली, आमचं मांजर घर सोडून गेलं, आणि भाटघर धरणाचे दरवाजे, जे धरण भरल्याशिवाय उघडत नाहीत, ते भर उन्हाळ्यात उघडले असं लोक सांगतात. लोक म्हणजे मीच. पण बुवा खरंच आले होते, आणि घाईतच वाजवत होते.

कवी म्हणून माझी अवस्था जरा वेगळी होती. पत्रकारांच्या बैठकीत मला "या, कविराज" म्हणत आणि कविसंमेलनात "आमचे पत्रकार मित्र" म्हणत. त्यामुळे दोन्हीकडे चहा मला शेवटी मिळायचा. मी नक्की कोण, हे भोरात कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि त्यात मीही आलो.

तरी एक कविता होती. एकच. बाकीच्या कविता मी ऐकवायला लागलो की लोकांना एसटीची वेळ आठवायची, पण ही एक अशी होती की शाळेतल्या मुली तिच्यावर नाच बसवायच्या, महिला मंडळं हळदीकुंकवाला म्हणायची, आणि मी बाजारात भाजी घ्यायला गेलो तर कोथिंबीरवाली म्हणायची, "उंबरावालं आलं बघा." कवितेतल्या एका ओळीवरून ते नाव पडलं होतं: 'दाराला सांगा गं बाई, उंबरा मी नेला.' पुण्यातल्या एका प्राध्यापकांनी या ओळीवर तासभर व्याख्यान दिलं. उंबरा म्हणजे बाईच्या असण्याची सीमा, आणि ती सीमाच तिनं उचलून नेली, असं काहीतरी. मी पहिल्या रांगेत बसून मान हलवत होतो. खरं सांगायचं तर त्या ओळीचा अर्थ मला कधीच कळला नव्हता. पण कवीनं आपल्याच ओळीचा अर्थ लोकांना विचारत फिरणं बरं दिसत नाही.

ही कविता मला कशी सुचली, हे मात्र मी झकास सांगायचो. एसटी कर्मचाऱ्यांचा कार्यक्रम असला की भोरच्या स्टँडवर महाडची गाडी चुकली आणि रिकाम्या बाकावर बसून तिकिटाच्या मागे ती उतरली. कॉलेजातली पोरं समोर असली की राजगडाच्या बालेकिल्ल्यावर, ढगात, इतक्या दाट ढगात की कागद ढगावरच टेकवला होता. आणि समोर कवीच असले तर टायफॉइडच्या तापात. थर्मामीटर फुटून पारा घरंगळत पलंगाखाली गेला, आणि त्याच्या मागे मागे कविता आली. तिन्ही गोष्टी मी इतक्या वर्षांत इतक्या वेळा सांगितल्या, दर वेळी थोडं तेल-मीठ लावून, की त्या आता घरच्या माणसांसारख्या झाल्या होत्या. कुणाला घराबाहेर काढावं, असं वाटायचं नाही.

तर साठी उलटल्यावर माझा पहिला कवितासंग्रह निघायचं ठरलं. छापणारा माझा वर्गमित्र. भोरात त्याचं छापखाना म्हणावं असं दुकान आहे. लग्नपत्रिका, दुकानांची बिलं, गणपती मंडळांची पावती पुस्तकं, हा त्याचा धंदा. संग्रहाचं नाव अर्थातच 'उंबरा मी नेला'. मुखपृष्ठावर उंबरा हवा होता; त्याच्या कॉम्प्युटरमध्ये लग्नपत्रिकेतला कलश होता. तडजोड म्हणून कलश उंबऱ्यावर ठेवला. मुखपृष्ठं छापून झाली, गठ्ठे बांधून झाले, श्रावणात प्रकाशन ठरलं, आतली पानं तेवढी मशीनवर चढायची होती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाण्याबजावण्यावर लिहिलं, आता एक पुस्तक आपलं. लोक ठरवू देत मी कोण ते, असं मनाशी म्हणत होतो.

तेवढ्यात पेपरातून फोन आला. रविवारच्या पुरवणीला आवणीच्या गाण्यांवर लेख हवा. आवणी म्हणजे भाताची रोपं खाचरात लावणं. आमच्याकडे आषाढात सगळं वेल्हे त्यात गुंतलेलं असतं. मी खांद्याला झोळी लावली, मोबाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधला आणि निघालो. भोरहून नसरापूर, तिथून वेल्ह्याची एसटी, पुढं पासलीपर्यंत एका जीपमध्ये. त्या जीपमध्ये माणसं किती होती म्हणता? ड्रायव्हर खिडकीबाहेर बसून स्टिअरिंग आत हात घालून फिरवत होता. जरा कमी करा, पण फार नको.

पासलीत रस्त्याकडेच्याच खाचरात आवणी चालली होती. पाठीला प्लॅस्टिकचे कागद बांधलेल्या बायकांची एक रांग, सगळ्या वाकलेल्या, पाय पोटरीपर्यंत चिखलात. बांधावर उभी राहून एक म्हातारी रोपांच्या मुठी फेकत होती आणि गाणं सांगत होती. म्हातारी म्हटलं खरं, पण आवाज असा की पलीकडच्या तोरण्यानं कान झाकून घ्यावेत. ती एक ओळ म्हणायची, रांग ती उचलायची. मी मोबाईल पिशवीतून काढून रेकॉर्डिंग सुरू केलं, आणि ऐकायला लागलो.

*सोड मुठीची गाठ गं, पानी गुडघ्याला आलं,*
*म्हायेराच्या नावानं खाचर हिरवं झालं,*
*दाराला सांगा गं बाई, उंबरा म्या नेला.*

माझ्या हातातली छत्री उलटी झाली. वारा नव्हता.

माझी कविता! अक्षरन् अक्षर. मला आधी अभिमान वाटला. पासलीपर्यंत पोचलो की आपण! मग मी बांधावर पुढं गेलो आणि म्हातारीला विचारलं, "मावशी, हे गाणं कुठलं?"

"कुठलं म्हंजी? तोंडातलं."

"तसं नव्हे. केलं कुणी?"

"माज्या सासूनं. तिनं तिच्या म्हायेराहून आनलं. हुंड्यात दुसरं काय न्हवतंच."

"मावशी," मी घसा साफ केला, "ही माझी कविता आहे."

रांग थांबली. एकेक बाई कमरेवर हात ठेवून सरळ झाली. म्हातारीनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, चपलेपाशी जरा जास्त वेळ.

"ऐकलं का गं! पावणं म्हनत्यात गानं ह्यांचं हाय. पावणं, तुमी कंदी आवणी क्येलीया?"

"नाही."

"मग पानी गुडघ्याला आलं ह्ये तुमाला कुनी सांगितलं?"

"कवीला ते आतून कळतं."

"आतनं!" म्हातारी रांगेकडं वळली. "ह्यांच्या गुडघ्याला आतनं पानी येतंय. डागदरला दावा म्हनावं."

खाचर हसून हसून हललं. रोपं सुद्धा वाकडी झाली असणार. मी हार मानणारा नव्हे. मी सांगितलं की ही कविता फार पूर्वी पेपरात छापून आली आहे, आता पुस्तकात येते आहे, पुस्तकाचं नावच तिच्यावरून आहे, मुखपृष्ठं छापून झाली आहेत. हे सांगताना माझा आवाज थोडा चिरकला. कारण एवढ्यात मला आणखी एक गोष्ट आठवली होती. पेपरात ती आली तेव्हा पान लावणाऱ्यानं जागा नाही म्हणून माझं नाव उडवलं होतं आणि चौकटीवर 'मावळातले लोकगीत' असा मथळा ठोकला होता.

रांगेतून एक पोक्त सून म्हणाली, "आत्याबाई, तुमी तर म्हनला व्हता, ह्ये रेडिवर ऐकलं."

"तू मूठ लाव."

"आनि मागं तर म्हनला, मास्तरांनी पेपरातनं वाचून दाखिवलं," दुसरीकडून आलं.

माझ्या जिवात जीव आला. "बघा! पेपरातनं!"

म्हातारीच्या चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही. "मंग? पेपरवाल्यानं माज्या सासूचं ऐकून छापलं आसंल. लई लांबून लोक यायचं तिचं गानं ऐकाय. एकदा सायेब आला व्हता गोरा, त्यानं तिचा आवाज डब्यात भरून विलायतंला न्हेला. तवापासनं तिकडं भात पिकतंय."

मी तिच्याकडं पाहतच राहिलो. पत्रकार म्हणून मी नाना तऱ्हेच्या माणसांना भेटलो, पण माझ्या तोडीचं माणूस पहिल्यांदाच भेटत होतं. तिच्याकडं गाण्याच्या जन्माच्या तीन गोष्टी, माझ्याकडंही तीन. तिची सासू, रेडिओ आणि मास्तर. माझा स्टँड, गड आणि ताप.

शेवटचा डाव म्हणून मी विचारलं, "बरं, गाणं तुमच्या सासूचं. मग सांगा, उंबरा नेला म्हणजे काय?"

"गानं तुमचं हाय न्हवं? तुमी सांगा."

"मला माहीत नाही," मी म्हणालो. का कोण जाणे, तोंडातून गेलं.

 म्हातारीनं हातातली मूठ फेकली नाही. "मला बी न्हाई म्हाईत," ती म्हणाली. "सासूला इचारलं व्हतं. ती म्हनली, ज्यानं क्येलं त्याला ठावं."

आम्ही दोघं बांधावर उभे होतो. तेवढा वेळ आम्ही दोघंही खरं बोललो असू.

मग तिनं मूठ फेकली आणि पुन्हा गाणं धरलं. त्या खोऱ्यात एक रीत आहे, ती मला तेव्हा कळली. आवणी चालू असताना जो कुणी बांधावर नुसता उभा राहील त्याला गाण्यात घालतात. घातला की त्यानं एक तर गूळखोबऱ्याचं कबूल करायचं, नाही तर चिखलात उतरायचं. म्हातारीनं माझ्याकडं बघतच ओळी जुळवल्या, एवढ्या झटक्यात की मला आयुष्यभर जमलं नाही:

*बांधावरला पावणा गं, चष्मा त्याचा गळ्याला,*
*बगलंत मारून उंबरा, भोराकडं पळाला.*

रांगेनं ते उचललं, आणि पुन्हा पुन्हा म्हटलं. समोरच्या खाचरातल्या बायकांनी ऐकून तिकडून म्हटलं. मला वाटतं, संध्याकाळपर्यंत ते मढे घाट उतरून कोकणात पोचलं असेल. झोळीत गूळ नव्हता, खोबरं नव्हतं. मी पँट वर गुंडाळली आणि उतरलो. चिखल थंड होता. एक पाय टाकला तो गेला, दुसरा टाकला तो गेला, आणि पाणी बरोबर गुडघ्याला आलं.

"आता म्हना," म्हातारी वरून म्हणाली, "आता थोडं तुमचं बी."

रोपं मी लावली. ती मागून सुनेनं उपटून पुन्हा लावली. निघताना म्हातारीनं विचारलं, "पुस्तक कवा हाय?"

"श्रावणात. भोरात."

"मी येनार. माज्या सासूचं गानं छापताय, मला नको व्हय बोलवायला?"

आता इथून माझी जी दशा झाली ती सांगायला शब्द नाहीत; आहेत, पण ते प्रकाशक छापणार नाही. परतीच्या एसटीत मी ठरवलं, आपण खरंखुरं आठवायचं. कुठं लिहिली ती कविता? पहिला घेतला स्टँड. तर आठवलं, आषाढ-श्रावणात वरंध घाटात दरडी येतात, महाडची गाडीच बंद असते. मग चुकली कुठली? आणि कविता पावसाळ्यातली, हे मात्र पक्कं. स्टँड गेला. मग राजगड. राजगडावर मी पद्मावती माचीपर्यंत गेलोय. बालेकिल्ल्याची चढण खालून बघून खालूनच नमस्कार केला होता. गड गेला. राहिला टायफॉइड. घरी आलो आणि बायकोला विचारलं, "अगं, मला टायफॉइड कधी झाला होता?"

"तुम्हाला कुठला टायफॉइड? कावीळ झाली होती."

"नक्की?"

"अहो, मी तुम्हाला मुळ्याची पानं खायला घातली महिनाभर. टायफॉइडला घालतात का?"

"त्या काविळीत मी कविता लिहिली का?"

"काविळीत तुम्ही फक्त 'मुळा नको' एवढंच म्हणत होता. आणि ती कविता? ती लग्नाच्या आधीची. मला काय ठाऊक तुम्ही तेव्हा कुठं कुठं हिंडत होता ते."

तिन्ही गोष्टी गेल्या. एकावर एक घातलेले तीन सदरे काढावेत आणि आत अंगच नसावं, तसं झालं. मी खुर्चीत बसून छताकडं पाहत राहिलो. आई माझी वेल्ह्याकडचीच. ती काही म्हणायची का? पण माझी आई गात नसे, ओरडत असे. माझ्यावर तर फारच. ओरडता ओरडता कधी गायली असेल आणि मी बारीक असताना कानात राहिलं असेल? की मी खरंच लिहिली, ती पेपरात नावाशिवाय आली, मास्तरांनी पासलीत वाचून दाखवली, आणि तिथून म्हातारीच्या सासूपर्यंत मागे गेली? गाणं मागे जाऊ शकतं का? तिची सासू वारली केव्हा, हे मी विचारलंच नव्हतं. कसला पत्रकार मी? आणि कविता उलट तिकडूनच माझ्याकडं आली असेल तर कसला कवी?

छापखान्यात गेलो. मित्र गणपती मंडळाच्या पावत्यांचे गठ्ठे बांधत होता.

"कविता काढू या," मी म्हणालो.

"कुठली?"

"उंबरा."

त्यानं दोरा दातात धरला होता तो सोडला. "अरे लेका, कव्हरं छापून बसलोय! पुस्तकाचं नावच ते आहे. ती कविता काढलीस तर पुस्तक म्हणजे नवरदेवाशिवायची पत्रिका. 'आमच्या येथे शुभविवाह आहे, कुणाचा ते विचारू नये.'"

"पण ती माझी आहे की नाही, मला माहीत नाही."

"मग कोणाची आहे?"

"तेही माहीत नाही."

"म्हणजे तुझी नाही असंही तुला माहीत नाही."

"नाही."

"मग ठेव की."

"आणि नाव?"

"नाव काय, खाली 'पारंपरिक' टाकू."

"पण माझी असली तर?"

मित्रानं माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की पत्रिकेत नवरीचं नाव बदलून आणणाऱ्या गिऱ्हाइकाकडंही त्यानं तसं पाहिलं नसेल. "हे बघ, उद्या मशीनवर मंडळाचं काम आहे. त्याच्या आत सांग. तुझं नाव, पारंपरिक, निनावी, काय वाटेल ते. पण गप्प बसू नको. गप्प बसलास की जागा मोकळी राहते, आणि मोकळी जागा दिसली की माझा पोरगा तिथं गणपती टाकतो."

मी त्याच्या दुकानातच स्टुलावर बसलो. समोर भिंतीवर जुन्या पेपरांची रद्दी लटकत होती, पुसायला ठेवलेली. त्यात माझीच एक बातमी दिसली, कुठल्याशा गावच्या भारुडाची. वर माझं नाव नव्हतं. कधीच नसायचं. वर छापलेलं असायचं, 'आमच्या वार्ताहराकडून'. म्हणजे काय? म्हणजे हे या माणसानं केलेलं नाही. हा तिथं होता, त्यानं ऐकलं, आणि तो इथपर्यंत घेऊन आला. या सगळ्या घोळात एवढीच एक गोष्ट मला ठाम माहीत होती. मी तिथं होतो. कुठं, ते आठवत नव्हतं, पण होतो.

"लिही," मी म्हणालो. "कवितेच्या वर लिही, आमच्या वार्ताहराकडून."

"कवितेच्या वर?"

"वर."

"लोक हसतील."

"हसू देत. बाकीच्या कवितांना हसत नाहीत, तेवढं तरी होईल."

आणि तसंच छापलं गेलं. संग्रहभर माझं नाव, आणि ज्या कवितेमुळे संग्रह निघाला तिच्यावर, आमच्या वार्ताहराकडून.

प्रकाशनाला भोरातला हॉल भरला. भरला म्हणजे पुढच्या रांगा भरल्या आणि मागे पंखे होते. पाहुणे यायच्या आधीच पाहुण्यांच्या राखीव खुर्च्यांवर पासलीची रांग येऊन बसली होती: म्हातारी, तिची सून, आणि जीपमध्ये मावतील तेवढ्या बायका, म्हणजे सगळ्या. चिखल धुऊन, नऊवारी नेसून, डोक्यावर पदर. कुणाची हिंमत होती त्यांना उठवायची? प्रमुख पाहुणे दुसऱ्या रांगेत बसले आणि पूर्ण वेळ म्हातारीच्या पदरातून व्यासपीठ पाहत राहिले.

माझी बोलायची वेळ आली. मी ठरवून आलो होतो. स्टँड नाही, गड नाही, ताप नाही. मी सांगितलं, "ज्या कवितेसाठी तुम्ही मला ओळखता ती माझी आहे की नाही, हे मला माहीत नाही. मी आठवायचा पुष्कळ प्रयत्न केला. पासलीच्या आवणीत मी ती ऐकली. तिथं ती त्यांची आहे. म्हणून पुस्तकात तिच्यावर माझं नाव नाही."

आयुष्यात पहिल्यांदा माइकवर धडधडीत खरं बोललो. लोकांनी काय करावं? टाळ्या वाजवल्या. "केवढा विनय!" कुणीतरी म्हणालं. पुण्याचे ते प्राध्यापक डोळे पुसू लागले. मी हात हलवून सांगतोय की विनय नाही हो, खरंच, तर टाळ्या आणखी वाढल्या.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून आवाज आला. तोरण्याला ऐकू जाणारा आवाज, चार भिंतींत.

"पावणं खोटं बोलत्यात!"

म्हातारी उठली होती. सुनेनं पदर ओढला, तिनं पदर सोडवला आणि पायऱ्या चढून वर आली. माइक मी तिच्यापुढं धरला. तिला त्याची गरज नव्हती.

"ह्यांनीच लिवलंय," ती म्हणाली. "म्या ह्या डोळ्यांनी बगितलंय. तवा मी नवी नवरी. ह्ये आमच्या बांधावर बसल्यालं, काडीवानी बारीक, मांडीवर कागद. पाऊस आसा की समोरचा बैल दिसंना. लिवलं आनि कागद ग्येला वाहून पान्यात. रडाय लागलं पोरगं. मंग मी म्हनलं, रडू नगं, माज्या ध्यानात हाय. म्हनून तर आमी अजून म्हनतो!"

टाळ्यांनी हॉलचे मागचे पंखे आपोआप फिरायला लागले. मी उभा, हातात माइक, तोंड उघडं. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि कानाशी वाकली.

"मावशी," मी कुजबुजलो, "हे काय? असं काही झालं नाही."

"तुमाला कुठं म्हाईत हाय?" ती म्हणाली.

मी माइक पाठीमागं लपवला.

"पावन्याच्या कार्यात पावन्याचं त्वांड पाडायचं न्हाई," ती आणखी हळू म्हणाली. "पन घरी सासूचं हाय हां. त्ये सांगून ठिवते."

मग तिनं माझ्या हातातला माइक काढून घेतला आणि गाणं धरलं, खालून रांगेनं उचललं, आणि शेवटी बांधावरचा पावणा आलाच. या वेळी त्यात छापखानेवाला मित्रही गेला, कारण तो दाराशी नुसता उभा होता. बाहेर जाऊन त्याला गूळ आणावा लागला.

सगळं आवरल्यावर जीपमध्ये चढताना सून माझ्यापाशी थांबली. हसू दाबत म्हणाली, "आत्याबाई नव्या नवरी व्हत्या तवा तुमी रांगत असाल, दादा."

मी मनात वर्षं जुळवून पाहिली. बरोबर होतं तिचं. रांगत नसलो तर फार तर धरून उभा राहत असेन.

पण आता कुणी विचारलं की मी बांधाचीच गोष्ट सांगतो. कुणाला खूश करायला नव्हे. सांगता सांगता ती मला दिसायलाच लागली आहे. पुढं पाऊस, समोर न दिसणारा बैल, वाहत चाललेला कागद, आणि चिखलातून कुणीतरी बाई मान वर करून म्हणतेय, रडू नगं. उंबऱ्याचा अर्थ तिथंही कळत नाही. पण बांध चांगला आठवतो. बसायला ओला होता.